मिशी उतरवून नांदेडला

लातूर

लातूर ते नांदेड हा काही वर्णन करण्यासारखा रस्ता नाही. सकाळी एसटीत बसावं, चाकूर, अहमदपूर, लोहा मागं टाकावं आणि दुपारच्या जेवणाला नांदेडात असावं. पेढीच्या कामानं मी हा रस्ता इतक्या वेळा केलाय की कुठल्या वळणावर कंडक्टर डुलकी घेतो तेही मला माहीत आहे. तरी या वेळच्या जाण्यायेण्याबद्दल लिहायला बसलोय, कारण जिथं गेलो होतो तिथं आमच्याकडचं सहसा कुणी जात नाही, आणि गेलं तरी परत येऊन सांगत नाही.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मुनीम आहे. पन्नाशी ओलांडली, दोन्ही मुलं शिकून बाहेर गेली. मला लहानपणापासून साडी नेसावीशी वाटते. का, ते मला सांगता येणार नाही. नेसली की आत काहीतरी जागेवर बसतं, एवढंच कळतं. साडीतल्या मला मी शालन म्हणतो. हे नाव कुठून आलं तेही आठवत नाही, पण ते माझंच आहे याबद्दल शंका नाही.

माझ्यासारखे साडी नेसणारे पुरुष, आणि पुरुषाच्या देहात जन्मलेल्या पण मनानं बाईच असलेल्या बायका, अशा सगळ्यांचं दोन दिवसांचं संमेलन यंदा नांदेडला भरणार होतं. एरवी ही संमेलनं मोठ्या शहरांत होतात. जायचं म्हणजे रेल्वेचं भाडं, राहण्याची सोय, पेढीवर सांगायची थाप, आणि येताना घरी सांगायची दुसरी थाप. तरुणपणी एकदाच हैदराबादला गेलो होतो. नांदेड म्हणजे तर परसातच. पण नोंदणीची फी, हॉटेलची खोली, जेवण आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाचे वेगळे पैसे, असा सगळा मेळ घातला तेव्हा सोयाबीनचे चांगले चार-पाच कट्टे विकावे लागतील एवढा खर्च दिसायला लागला. मी फोन बाजूला ठेवला.

मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते ओळखलं. तिला माझं हे कळून बरीच वर्षं झाली. कपाटात तिला तिच्या मापाचं नसलेलं ब्लाउज सापडलं होतं. आधी तिला वाटलं, दुसरी बाई आहे. तसं नाही हे कळल्यावर तिला हायसं वाटलं की जास्तच भीती वाटली, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. काही महिने कामापुरतं बोलायची. मग एका दिवाळीत तिनं माझ्या उंचीचा लांब परकर शिवून आणला आणि काही न बोलता माझ्या कप्प्यात ठेवला. पण साडीतल्या मला तिनं समोरून कधी बघितलं नव्हतं. मी दार लावून घ्यायचो आणि ती शेजारणीकडे जाऊन बसायची.

“कुठं हाय ते?” तिनं विचारलं.

“नांदेडला. पण लई पैसे लागून राहिलेत.”

“लागू द्या. पिको-फॉलचे माझे हायेत थोडे. पन मी बी येते.”

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनंच तो विषय काढला. “आन ही मिशी घेऊन जाणार का तिथं?”

आमच्या भागात मुलानं मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना गुळगुळीत ओठ घेऊन चौकात उभं राहिलं तर माणसं आधी ओठाकडे बघतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, “कोण गेलं?” माझे आबा गावी धाकट्या भावाकडे, किसनकडे, असतात. ऐंशीच्या पुढचे, पण दात सोडले तर सगळं शाबूत. लोह्यापासून आतल्या बाजूला आमचं गाव. म्हणून हैदराबादला मी मिशी घेऊनच गेलो होतो, आणि दोन्ही दिवस पदर तोंडावर धरून बसलो होतो.

मंगलला हे सांगितलं तर ती म्हणाली, “एवढं पैसं घालून जायचं आन पदर धरून बसायचं व्हय? काढून टाका. महिन्यात येती परत.”

न्हाव्याकडे जायची हिंमत नव्हती. घरीच आरशापुढं उभा राहून काढली. आधी चेहरा अनोळखी वाटला. मग वरच्या ओठाला पंख्याचा वारा लागला, आणि बारा-तेरा वर्षांचा होतो तेव्हाचा मी आरशात दिसलो. त्याला मी किती वर्षांनी बघत होतो.

रस्त्यात

हिवाळ्याची सुरुवात होती. अहमदपूर सोडलं की दोन्ही बाजूंनी तुरी दिसायला लागतात, मधूनच ज्वारीचा हिरवा पट्टा. माझा टोप, म्हणजे केसांचा विग, चेपू नये म्हणून मी एका गोल डब्यात घातला होता. डबा पांढऱ्या पंचात बांधून मांडीवर धरला होता. मंगल खिडकीकडे बसते म्हणाली आणि लगेच झोपली. मग तीच जागी होऊन म्हणाली, “तुम्ही या खिडकीला, मला ऊन लागून राहिलंय.” आम्ही जागा बदलल्या.

माळेगाव आलं. यात्रेला अजून वेळ होता, माळ मोकळा पडलेला. लहानपणी आबांबरोबर मी इथं यायचो. आई मी शाळेत जायच्या आधीच गेली, त्यामुळे यात्रेला आम्ही दोघंच, किसन आत्याकडे. आबा बैल बघायचे, घोडे बघायचे, दावणीला हात लावून भाव विचारायचे आणि घ्यायचे काहीच नाहीत. मी मात्र कासाराच्या दुकानापुढं थांबायचो. तिथं काचेच्या बांगड्यांचे गठ्ठे दोरीला टांगलेले असायचे आणि उन्हात त्यांचे हिरवे-लाल डाग समोरच्या धुळीवर पडायचे. मी त्या डागांवर हात ठेवून बघायचो. मनगटावर रंग यायचा. आबा हाक मारायचे आणि हात काढला की मनगट पुन्हा कोरडं. माळेगावची जिलेबी, भजी, तमाशाचे तंबू, सगळं लोकांनी मला पुढं आठवून आठवून सांगितलं. माझ्या ध्यानात तेवढी ती रंगीत धूळ राहिली.

लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली. खाली सोपान उभा होता. आमच्याच गावचा, माझ्या वर्गातला. आता लोह्यात त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. मला बघून त्यानं हसत हात वर केला. मग त्याची नजर माझ्या ओठावर गेली, तिथून मांडीवरच्या पांढऱ्या गाठोड्यावर आली, आणि वर केलेला हात हळूहळू खाली आला. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. शेजारच्या गाडीचं इंजिन घुरघुरत होतं.

“कवा?” तो म्हणाला.

मला वाटलं, परत कधी येणार म्हणून विचारतोय. “परवा,” मी म्हणालो.

“आन आता नांदेडला? गंगेला?”

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. मी शेवटचा शब्द नीट ऐकला नाही. “हाव, नांदेडला,” म्हणालो.

त्यानं दोन्ही हात जोडले. डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. गाडी हलली.

“ह्यो कामून रडून राहिला?” मंगलनं विचारलं.

“धूळ गेली असंल डोळ्यात,” मी म्हणालो, आणि खरंच मला तसंच वाटलं.

नांदेड, पहिला दिवस

हॉटेल स्टेशनपासून फार लांब नव्हतं. खाली काचेचं दार, आत गार हवा, आणि एका टेबलामागं दिया नावाची तिशीतली बाई नावं बघून गळ्यात घालायची ओळखपत्रं देत होती. ती हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझ्या पत्रावर ‘शालन’ आणि मंगलच्या पत्रावर ‘मंगल, सोबत’ असं छापलं होतं. सोबत येणाऱ्याचीही फी होती. मंगलनं ते पत्र उलटसुलट करून बघितलं. “सोबतीचं बी पैसं,” ती माझ्या कानात म्हणाली. “तीस वर्षं व्हतील आता, फुकाटच सोबत करून राहिले व्हते.”

दियानं ऐकलं. ती हसली, पण मग गंभीर झाली. “ताई, आम्हालाही महाग पडतं. संमेलन कुणाचं आहे ते ऐकलं की हॉलवाले आधी नाही म्हणतात, आणि हो म्हणाले तर भाडं वाढवून सांगतात. कुणी आत येऊन फोटो काढू नये म्हणून दारात माणूस ठेवावा लागतो, त्याचेही पैसे.”

खोलीत सामान ठेवलं. खालच्या हॉलमध्ये लोक जमत होते. पुण्याचे, हैदराबादचे, एक डॉक्टर नागपूरहून आलेले. सगळे मोकळेपणानं बोलत होते, पण मला उगाच हैदराबाद आठवत राहिलं. तेव्हा असं हॉटेल नव्हतं. जुन्या शहरातल्या एका घराची गच्ची, खाली सतरंज्या, वर कापडी मांडव. हंडीत बिर्याणी. फी अशी नव्हतीच. आमच्यातलीच एक, रुखसानाआपा, ओढणीची झोळी करून सगळ्यांसमोरून फिरली होती. ज्याला जे जमेल ते टाकायचं. कोण किती टाकतो ते दिसू नये म्हणून ती प्रत्येकापुढं आली की मान दुसरीकडे वळवायची. माझ्याकडे परतीच्या भाड्यापुरतंच उरलं होतं. मी रिकामा हात झोळीत घालून काढला, आणि ती तशीच मान वळवून पुढं गेली.

रुखसानाआपा नांदेडची. इथल्या इतवारा भागात तिच्या वडलांचं शिलाईचं दुकान, ते पुढं तिनं चालवलं. शालनचं पहिलं ब्लाउज तिनंच त्या गच्चीवर हातशिलाईनं आवळून दिलं होतं. तिच्या गावात संमेलन, आणि ती मला कुठं दिसेना. दियाला विचारलं तर म्हणाली, “त्यांना कळवलं होतं. नाव नोंदवलं नाही त्यांनी.”

“चला, बघून येऊ,” मंगल म्हणाली. मला वाटलं होतं ती नको म्हणेल.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. अरुंद गल्ली, बोहऱ्याच्या दुकानाशेजारी दोन पायऱ्या, आत एकच मशीन. आपा चष्मा नाकावर घेऊन हुक लावत होती. केस पूर्ण पांढरे, त्यात मेंदीची लाल बट. मी दारात उभा राहिलो. तिनं चष्म्यावरून बघितलं.

“मिशीवाली शालन,” ती म्हणाली. “मिशी किधर गई गं?”

मंगलच पुढं झाली. “मी ह्यांची मंडळी.”

आपानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग स्टूलवरचे कपडे उचलून जागा केली. “बस भाभी. तुझ्याबद्दल ये गच्चीवर लई बोलत व्हता. म्हणायचा, घरी माझी बायको चांगली हाय, तिला कळलं तर कसं व्हईल.”

मंगलनं माझ्याकडे बघितलं नाही. “संमेलनाला का आला नाहीत?” तिनं आपाला विचारलं.

“फी ऐकली का तू? तेवढ्या पैशाची ब्लाउजं शिवायला माझा अख्खा महिना जातो. आन मी काय, इथंच हाय. बाहेरगावच्यांना तकलीफ पडते, त्यांनी जावं.” ती हसली, पण हुक तिच्या बोटातून सुटून खाली पडलं.

दुपारचं जेवण हॉटेलात वेगळं विकत घ्यावं लागणार होतं, म्हणून आपानं आम्हाला गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. पंगतीत बसलो. डाळ, रोटी, खीर. आमच्याकडे पंगतीत वाढणारा ताटाकडे बघतो, इथं ओंजळ बघतो. रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. आपाच्या शेजारी एक सरदार आजोबा होते, पलीकडे शाळेची मुलं. कुणी तिच्याकडे वळून बघितलं नाही. मंगल जेवता जेवता म्हणाली, “हितं बरंय. कुणाच्या गळ्यात काय न्हाई.”

संध्याकाळी आपा आमच्या खोलीवर आली, मला साडी नेसवायला. जांभळी इरकल, मंगलचीच. मंगल खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि खालची रहदारी बघत होती. आपानं निऱ्या घातल्या, पदर घेतला, खांद्यावर धरून म्हणाली, “भाभी, पिन दे.”

मंगल हलली नाही. मला वाटलं, आता ती उठून बाहेर जाईल. मग तिनं मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली, वळली, आणि पहिल्यांदा मला बघितलं. बराच वेळ. आपानं पिन घ्यायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. मंगल जवळ आली आणि पिन तिनं स्वतःच लावली. ब्लाउजच्या आत बोट घालून, टोचू नये म्हणून.

“पदर एवढा लांब सोडू नका,” ती म्हणाली. “जिन्यात अडकताल.”

हॉलमध्ये एकेकानं पुढं येऊन आपलं नाव सांगायचं होतं. माझी पाळी आली. मी गेलो, माइकपुढं “मी शालन, लातूरची” एवढं म्हणालो आणि टाळ्यांत परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं, चारचौघांत, तोंडावर पदर न धरता उच्चारलं होतं. मंगल तिसऱ्या रांगेत बसली होती.

“चालताना हात एवढं हलवू नका,” ती म्हणाली. “अडतीत फिरून राहिल्यावानी दिसतंय.”

“आन बाकी?”

“बाकी काय.” तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. “बसा हितं.”

नांदेड, दुसरा दिवस

सकाळी मंगलनं गळ्यातलं पत्र काढून आपाच्या गळ्यात घातलं. आपाला तिनंच फोन करून बोलावलं होतं. “मला जे बघायचं व्हतं ते काल बघितलं. आज तुम्ही जा आत.”

आपा नको नको म्हणत होती, पण तिनं येताना नवी साडी नेसली होती, कानात झुमके होते. दारात दियानं पत्र वाचलं, चेहरा बघितला, पुन्हा पत्र वाचलं.

“मंगलताई ना?” तिनं विचारलं.

“हाव,” आपा म्हणाली. “आजच्या दिवशी.”

दिया बाजूला झाली. तो दिवस आपाचा गेला. हैदराबादच्या गच्चीवर असलेल्या आणखी दोघी तिथं भेटल्या, एक आता वॉकर घेऊन चालते. तिघी एकमेकींचे हात धरून बसल्या आणि तेव्हाच्या कुणाकुणाची चौकशी करत राहिल्या. बरीचशी नावं आता नसलेल्यांची होती. नाव निघालं की त्या तिच्या कुठल्यातरी वेडेपणाची आठवण काढून हसायच्या. मी शेजारी बसून ऐकत होतो. इतक्या वर्षांत मी अशा ठिकाणी यायला हवं होतं की नको, असा विचार मनात आला नाही. फक्त ती गच्ची पुन्हा एकदा बघावी असं वाटलं. आपा म्हणाली, आता तिथं चार मजली इमारत आहे.

जेवणाच्या आधी दारात आवाज ऐकू आला. मंगल होती. पत्र नव्हतं म्हणून दारातला माणूस तिला सोडेना.

“आत माझा नवरा हाय,” ती सांगत होती.

“बाई, आत सगळ्या बायाच हायेत,” तो म्हणत होता.

मी साडी सावरत बाहेर गेलो. तिनं मला बाजूला नेलं. माझा फोन खोलीत होता. किसनचे पाठोपाठ फोन येऊन गेले होते, शेवटी तिनं उचलला.

“आबा,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“काहीच न्हाई झालं. तेच तर.” तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी होतं. “गावात लोक रडत येऊन राहिलेत. सोपाननं लोह्यात सांगितलं, आबा लातूरला तुमच्याकडं परवा वारलं, आन तुम्ही अस्थी घेऊन गंगेला गेलाव.”

मी पायरीवर बसलो. परवा. परत कधी येणार ते मी सांगितलं होतं, आबा कधी गेले ते त्यानं ऐकलं होतं. आबा डोळ्याच्या ऑपरेशनला महिनाभर लातूरला होते, ते परत गेल्याचं त्याला ठाऊक नसणार. आणि माझ्या मांडीवर पांढऱ्या पंचात बांधलेला टोप!

“किसनभाऊजी लई चिडलेत. आत्याचं सगळं घर जीपनं आलं. येशीपासून रडत आल्या आन दारात आबा शेंगा सोलत बसलेले. आता समदे विचारून राहिलेत, आबा हायेत, तर पोरानं मिशी कामून काढली?”

संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम राहिला होता. त्याचे पैसे भरलेले होते. मी वर गेलो, साडी उतरवली, तोंड धुतलं. काजळ काही पूर्ण निघालं नाही. आपा आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आली, गळ्यात अजून मंगलच्या नावाचं पत्र.

“रोता कायको?” ती मला म्हणाली. “बाप जिता हाय. ऐसी खबर ऐकायला माणसं किती पैसे देतील.”

गाव

गाडीत मंगलनं सगळं जुळवून ठेवलं. देवाला नवस होता म्हणायचं. कुठला देव, ते विचारलं तर ती सांगेल, मी गप्प बसायचं. मी हो म्हणालो. पण खिडकीतून बाहेर बघताना मला कळत होतं की आबांपुढं माझ्याच्यानं ते बोलवणार नाही. आबांशी खोटं बोलायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नव्हती. त्यांनी मला कधी काही विचारलंच नव्हतं.

दारात चपलांचा ढीग होता. अंगणात आत्या, तिच्या सुना, भावकीतली माणसं. किसनची बायको चुलीवर भाकरी थापत होती. एवढ्या माणसांना रडवून उपाशी कसं पाठवायचं, म्हणून पिठलं-भाकरीचा घाट घातला होता. या संमेलनाच्या खर्चात हाही धरायला हवा. किसननं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. बाकीचे सगळे माझ्या ओठाकडे बघत होते.

आबा बाजेवर बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते.

“ये,” ते म्हणाले. “माझं दिवस घालायला आलास का?”

कुणीतरी हसलं. आत्यानं पदरानं नाक पुसलं. “दादा, चेष्टा नको. दत्ता, तू सांग बरं. बाप असताना मिशी उतरवली कामून?”

मंगलनं घसा साफ केला. मी तिच्या दंडाला हात लावला. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

“त्याला काय इचारता?” आबा म्हणाले. “म्याच नवस बोललो व्हतो. डोळ्याला नीट दिसलं तर पोराची मिशी देवाला वाहीन म्हणून. दिसून राहिलंय आता. तुझ्या नाकातली चमकी बी दिसती मला. वाहिली त्यानं, मिटलं.”

“मग आदी सांगायचं की,” आत्या म्हणाली.

“मी मरायची वाट बघत व्हतो.”

मग मात्र अंगणच हसलं. पंगत बसली. आबाही बसले. माझ्याच सुतकाचं जेवण मीच जेवून राहिलो, असं म्हणत त्यांनी दोनदा पिठलं घेतलं. किसननं मला पाण्याचा तांब्या आणून दिला, तेव्हा त्याचा राग बराच उतरला होता. दिवस कलता कलता जीप गेली, माणसं पांगली. मंगल जावेबरोबर भांडी आवरायला आत गेली.

मी आबांच्या बाजेवर टेकलो. ते शेंगा सोलतच होते. दाणे स्वतः खात नव्हते, माझ्यापुढं ठेवत होते.

“आबा, तुम्ही नवस बोलला नव्हता,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“मग मी मिशी का काढली ते तुम्हाला...”

“मला कशाला सांगतोस?” ते शेंगेकडे बघत म्हणाले. “तुझी आई गेल्यावर तिची ट्रंक तशीच ठेवली व्हती. तू शाळेतून आला की ती उघडायचास. तिचं लुगडं गुंडाळून आरशापुढं उभा राह्याचास. पहिल्यांदा बघितलं तवा मला काय कळंना. मागच्या मागं फिरलो, गोठ्यात जाऊन बसलो. मला वाटलं, आईची आठवण येती पोराला. मग तू मोठा झालास तरी ते ऱ्हायलं. तवा म्हटलं, आसंल त्याचं काय तरी.”

“कधी बोलला नाहीत,” मी म्हणालो.

“काय बोलायचं? दारात आलो की खाकरायचो. तुला यळ मिळावा म्हणून.”

मला ते खाकरणं ऐकू आलं. उंबऱ्याबाहेर, रोज संध्याकाळी, दोनदा. मी घाईघाईनं लुगडं सोडायचो, ट्रंक लावायचो आणि पुस्तक घेऊन बसायचो. आणि आबा आत येऊन हातपाय धुवायचे. रानात मी त्यांच्याबरोबर दिवसच्या दिवस काढले होते. तिथं ते कधी खाकरल्याचं मला आठवत नाही.

मंगल कधी येऊन दारात उभी राहिली होती कळलं नाही. तिच्या हातात ओला तांब्या होता आणि ती तो पुसायचं विसरली होती.

आबांनी आणखी एक शेंग उचलली, चिमटीत दाबली, दाणे माझ्या पुढ्यात टाकले.

“घडी मात्र तुला कधी घालता आली न्हाई,” ते म्हणाले. “लुगडं नुसतं कोंबून ठेवायचास. तू झोपलास की मी काढून पुन्हा घालायचो.”